सेवा, क्षेत्रकार्य आणि जबाबदारी : पंढरपूरच्या संदर्भात एक प्रस्तावना

समाजकार्याचा अभ्यासक्रम इतर सामाजिक शास्त्रांहून एका बाबतीत वेगळा आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी दारिद्र्यावर प्रबंध लिहून पदवी मिळवू शकतो. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला मात्र आठवड्यातले दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात किंवा एखाद्या संस्थेत काढावेच लागतात. याला क्षेत्रकार्य म्हणतात. व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धतींचा सराव तिथे होतो हे खरे. पण त्यापलीकडची एक अपेक्षाही त्यामागे असते. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांना आपण बांधील आहोत, ही जाणीव आणि त्याप्रमाणे वागण्याची सवय विद्यार्थ्याला तिथे लागावी. ही सवय खरोखर केव्हा लागते आणि केव्हा नुसती लागल्यासारखी दिसते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

त्यासाठी पंढरपूर निवडण्यामागे भक्तिभाव हे कारण नाही. सुमारे एक लाख वस्तीचे हे तालुक्याचे गाव वर्षातून चारदा, म्हणजे आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री वारीला, स्वतःच्या कित्येक पट माणसे सामावून घेते. आषाढीला ही संख्या लाखांच्या घरात जाते. अन्नदान, पाणीवाटप, आरोग्य शिबिरे, चंद्रभागेच्या वाळवंटाची सफाई, पाय चेपून देणे, हरवलेल्यांची चुकामूक निस्तरणे, अशी सेवा करणाऱ्या हातांची इथे कधीच टंचाई नसते. नेमके म्हणूनच इथे एक प्रश्न ठसठशीतपणे पुढे येतो. सेवा इतकी मुबलक असताना गावाचे जुने प्रश्न तसेच का राहतात, आणि त्या सेवेतून विद्यार्थी नेमके काय शिकतो?

आधुनिक अर्थाच्या समाजकार्याचा पंढरपुरातील इतिहासही लहान नाही. त्यातला पहिला प्रवाह मदतीचा. १८७५ मध्ये इथे बालहत्या प्रतिबंधक गृह आणि अनाथाश्रम सुरू झाला. पंढरपुरात न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला, आणि पुढे मुंबईच्या प्रार्थनासमाजाने संस्थेचा कारभार सांभाळला. विधवांना केशवपन आणि एकांतवास भोगायला लावणाऱ्या समाजात लपूनछपून जन्मलेली मुले नदीकाठी किंवा देवळाच्या आसपास टाकली जात, त्यांच्यासाठी हे आसरे होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात असेच गृह उघडले होते. लंडनच्या गरीब वस्तीत विद्यापीठातील तरुणांनी राहून काम करावे म्हणून स्थापन झालेला टॉयनबी हॉल १८८४ चा, आणि जेन ॲडम्स यांचे शिकागोतील हल हाउस १८८९ चे. समाजकार्याची पाठ्यपुस्तके आपल्या विषयाची सुरुवात या दोन घरांपासून करतात. इथल्या विद्यार्थ्याला त्यांच्याही आधीची सुरुवात चालत जाऊन पाहण्याच्या अंतरावर सापडते, हे त्याला फारसे कोणी सांगत नाही.

दुसरा प्रवाह गाडगे महाराजांचा. वारीच्या दिवसांत लोक देवळाकडे जात असताना ते खराटा घेऊन रस्ते आणि वाळवंट झाडत. दिवसा झाडायचे आणि रात्री कीर्तनात ऐकणाऱ्यांनाच प्रश्न विचारायचे, अशी त्यांची रीत होती. अंगमेहनत आणि लोकशिक्षण यांची ही जोड पुढच्या सगळ्या श्रमदानाच्या कल्पनेत उतरली. त्यातला कीर्तनाचा भाग मात्र बहुतेक शिबिरांत गळून गेला. अस्पृश्य यात्रेकरूंना गावात उतरायला जागा मिळत नसे, म्हणून त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी उभी केलेली वास्तू शिक्षणसंस्थेच्या हाती देण्याचा हा निर्णय समाजकार्याच्या वर्गात स्वतंत्र चर्चेला घ्यावा इतका महत्त्वाचा आहे.

तिसरा प्रवाह हक्काचा. अस्पृश्यांना विठ्ठल मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. १० मे रोजी ते सुटले आणि मंदिराचे दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. इथे कोणाला अन्न किंवा आसरा देण्याचा प्रश्न नव्हता. नियम बदलायचा होता. मदत, श्रम आणि हक्क हे तीन मार्ग एकाच गावात, शंभर वर्षांच्या आत, एकमेकांशेजारी उभे राहिले. व्यावसायिक समाजकार्याच्या शाखांचे बहुतेक वाद याच तीन मार्गांच्या आपसातल्या नात्यावरून झालेले आहेत.

महाराष्ट्रात या प्रवाहांना संस्थात्मक रूप विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मिळाले. गोपाळ कृष्ण गोखले यांची भारत सेवक समाज ही संस्था १९०५ ची, विठ्ठल रामजी शिंदे यांचे डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ चे, ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ ची. या संस्थांचे कार्यकर्ते कामातूनच घडत. त्यांच्यासाठी पदवी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने विद्यार्थ्याच्या अंगमेहनतीला शिक्षणात स्थान दिले. गांधींच्या नई तालीमची मांडणी १९३७ च्या वर्धा परिषदेत झाली, तिचे आणि या प्रयोगाचे नाते जवळचे आहे.

व्यावसायिक शिक्षण आले ते मुंबईच्या नागपाड्यातून. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे नेबरहुड हाउस सुरू केले होते, आणि १९३६ मध्ये टाटा न्यासाच्या मदतीने त्याच ठिकाणी सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले. हीच पुढची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. भारतातील व्यावसायिक समाजकार्याचे पहिले विद्यालय गिरणगावाच्या कडेला, एका कामगार वस्तीत सुरू झाले, ही बाब अभ्यासक्रमाच्या दृष्टीने निर्णायक ठरली: वर्ग आणि वस्ती यांच्यात अंतर ठेवायचे नाही, हे तत्त्व पहिल्या दिवसापासून होते. फाळणीनंतर संस्थेचे विद्यार्थी कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत कामाला गेले. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (१९५५), नागपुरात मातृ सेवा संघाची संस्था आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) अशी विद्यालये निघाली. सोलापूरकरांना जवळची घटना म्हणजे टाटा संस्थेने १९८० च्या दशकात तुळजापुरात उघडलेले ग्रामीण केंद्र. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्याच्या या पट्ट्यात मदत आणि पुनर्वसन यांचा जो अनुभव जमा झाला, त्याने आपत्तीतले समाजकार्य हा विषय मराठी विद्यार्थ्याच्या आवाक्यात आणला.

या विद्यालयांनी आणलेला अभ्यासक्रम मात्र मुख्यतः अमेरिकन होता. मेरी रिचमंड यांच्या १९१७ च्या ग्रंथापासून चालत आलेली व्यक्तिसहाय्याची पद्धत माणसाच्या अडचणीचे मूळ त्याच्या जवळच्या परिस्थितीत शोधते आणि एकेका व्यक्तीबरोबर काम करते. दुष्काळात गाव सोडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला ती फारशी उपयोगी पडत नाही. १९७२ च्या दुष्काळाने हे उघड केले. त्या काळात लाखो लोक खडी फोडायला गेले, आणि त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी कायद्यापर्यंत पोचली. व्यक्तिसहाय्याने जे साधले नसते ते एका धोरणाने साधले. याच सुमारास शिक्षणविचारक पावलो फ्रेरे यांचे विचार भारतात पोचले आणि सामाजिक कृती हा शब्द अभ्यासक्रमात आला. दलित आणि आदिवासी दृष्टिकोनातून समाजकार्य शिकवण्याचा आग्रह त्यानंतरचा. त्याचे म्हणणे असे, की वस्तीकडे ‘गरजूंचा समूह’ म्हणून पाहणारा विद्यार्थी तिथल्या संघटनेचा, नेतृत्वाचा आणि लढ्याचा इतिहास पाहतच नाही. हा आक्षेप अजूनही पुरता पचवला गेलेला नाही.

समाजकार्याच्या विद्यालयांबाहेर सामाजिक सेवेचे शिक्षण मोठ्या प्रमाणावर पोचवले ते राष्ट्रीय सेवा योजनेने. चिंतामणराव देशमुख समितीने १९५० च्या दशकाच्या शेवटी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेचा विचार मांडला, कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर समाजसेवा असावी असे सुचवले, आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा साचा आहे. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने याच पिढीला वेगळ्या तऱ्हेने घडवले: तिथे तास मोजले जात नव्हते आणि सवलतीचे गुणही मिळत नव्हते. सेवा योजनेने महाराष्ट्राला शेकडो चांगले कार्यकर्ते दिले हे मान्य करावेच लागेल. तरीही तिची सर्वांत मोठी अडचण तास मोजण्यातच आहे. तास भरले की काम संपते, आणि काम संपले की गावाशी नातेही.

सेवेच्या या चांगुलपणावर विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये अमेरिकन तरुणांसमोर कडक शब्दांत टीका केली होती. मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेला निघालेल्या त्या तरुणांना त्यांनी सांगितले, की तिथल्या लोकांनी त्यांना बोलावलेले नाही आणि त्यांची गरजही नाही. सेवा आणि शिक्षण यांची सांगड घालणारी अमेरिकन चळवळ नेमकी त्याच काळात आकार घेत होती, आणि तिला या टीकेला उत्तर द्यावे लागले. ते उत्तर थोडक्यात असे: सेवेचा विषय समुदायाने ठरवावा, विद्यार्थ्याने त्यावर विचार करून लिहावे, आणि सेवेचा फायदा दोन्ही बाजूंना व्हावा. कागदावर हे निर्दोष आहे. प्रश्न असा, की पंढरपुरात ‘समुदाय’ कोण?

या प्रश्नापाशी थोडे थांबावे लागते, कारण पुस्तकाची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. वारीत विद्यार्थी ज्याला पाणी देतो तो वारकरी द्वादशीला परतीच्या वाटेला लागतो. त्याला विद्यार्थ्याला जाब विचारता येत नाही, आणि विद्यार्थ्यालाही पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे जाता येत नाही. मागे उरतात ते गावातले लोक: नगरपरिषदेचे आणि ठेकेदाराकडचे सफाई कामगार, बुक्का-कुंकू आणि तुळशीमाळा विकणारे, मठ आणि धर्मशाळांत राबणाऱ्या बाया, होडीवाले, आणि गर्दीत कोणीतरी सोडून गेलेले म्हातारे आईबाप. सेवेचा उत्सव त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. वारीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी वाळवंट झाडण्याचा कार्यक्रम होतो, छायाचित्रे निघतात, झाडू जागेवर जातात. दुसऱ्या दिवशी तोच झाडू ज्यांच्या हातात जातो, त्यांच्या हातात तो पिढ्यान्‌पिढ्या का आहे, हे विचारायला शिबिरात वेळ नसतो.

विचारणाऱ्यांनी ते विचारले, पण न्यायालयात. यात्राकाळात उघड्यावर पडलेली घाण सफाई कामगारांना हाताने उचलावी लागते, ही बाब जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयासमोर गेली. हाताने मैला उचलायला लावण्यावर १९९३ आणि २०१३ या दोन कायद्यांनी बंदी घातलेली असताना हे चालू होते. न्यायालयीन आदेशांनंतर वाळवंटातल्या तंबू-राहुट्यांवर निर्बंध आले आणि चंद्रभागेच्या पैलतीरावरील ६५ एकरांवर दिंड्यांच्या मुक्कामाची सोय झाली. फिरती शौचालयेही वाढली. विद्यापीठांच्या सेवा योजनेचे विद्यार्थी ‘निर्मल वारी’ या स्वच्छतेच्या उपक्रमांत उतरले. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी हक्काची मागणी, मग व्यवस्थेतला बदल, आणि त्यानंतर सेवेला काही अर्थ. शिबिरांत तो बहुधा उलटा शिकवला जातो.

नदीचेही तसेच. घाटावरून निर्माल्य गोळा करणे हे चांगलेच काम आहे. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनी धरणात आणि तिथून पंढरपूरच्या चंद्रभागेत येते. राज्य सरकारने २०१६ मध्ये नमामि चंद्रभागा योजना जाहीर केली ती हा प्रवाह ध्यानात घेऊनच. घाटावर टोपली घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने नकाशावर वरच्या दिशेला बोट फिरवले, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल मागितला, नगरपरिषदेच्या सांडपाणी प्रक्रियेची माहिती काढली, तर त्याच्या श्रमाला अभ्यासाची जोड मिळते. न मागितल्यास तो पुढच्या वर्षीही टोपलीच घेऊन येईल.

वारीनंतर मागे राहिलेल्या वृद्धाचे उदाहरण याहून नाजूक आहे. विद्यार्थ्याची पहिली प्रेरणा जेवण आणि पांघरूण देण्याची असते, आणि ती योग्यच. त्यापुढचे काम त्याला माहीत असावे लागते: मानसिक आजाराने भरकटलेल्या माणसाची जबाबदारी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने पोलिसांवर टाकली आहे, आणि मुलांनी टाकलेल्या आईबापांना २००७ च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय कायदा २०१५ ने गुन्हा ठरवले आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी पंढरपुरात पालवीसारखी संस्था काम करते, आणि अशा मुलांच्या माहितीच्या गोपनीयतेला २०१७ च्या कायद्याचे स्वतंत्र संरक्षण आहे. क्षेत्रकार्याच्या अहवालात मुलांची छायाचित्रे चिकटवण्याची प्रथा या कायद्यांपुढे टिकत नाही. तरीही ती चालू आहे, कारण छायाचित्र हा हजेरीचा सर्वांत सोपा पुरावा ठरतो.

हा विषय आत्ताच ऐरणीवर येण्याचे कारण धोरणात आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सामाजिक जबाबदारी आणि समुदाय सहभाग यांसाठी मार्गदर्शक आराखडा काढला, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत क्षेत्रप्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे क्षेत्र एकाच जिल्ह्याचे आहे, त्यामुळे त्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला अशा त्याच त्या तालुक्यांत येत राहणार. आजवर समाजकार्याच्या थोड्या विद्यार्थ्यांपुरते असलेले क्षेत्रकार्य वाणिज्य आणि विज्ञानाच्या वर्गांपर्यंत जाईल. ते चालवण्याचा अनुभव असलेले शिक्षक मात्र समाजकार्याच्या विभागांतच आहेत, आणि तेही कमी. त्यातून दोन शक्यता संभवतात. एकतर समाजकार्याच्या विद्यालयांनी ऐंशी-नव्वद वर्षांत कमावलेली पर्यवेक्षणाची शिस्त सर्वत्र पोचेल. नाहीतर गावे सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्यांनी बेजार होतील. एकाच वस्तीत एकाच वर्षी चार महाविद्यालयांनी ‘कुटुंबात किती सदस्य’ असे विचारले, तर पाचव्याला दार उघडणार नाही, आणि त्यात वस्तीचा दोष नसेल.

प्रस्तुत पुस्तक समाजकार्याचे पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि संस्थांमधील पर्यवेक्षक यांच्यासाठी आहे. पंढरपूरचे वार्षिक चक्र हाच त्याचा सांगाडा. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि आषाढी जून-जुलैत येते. म्हणजे सर्वांत मोठी वारी विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती त्याचा उत्साह सर्वाधिक आणि तयारी सर्वांत कमी असताना. म्हणून पहिल्या आषाढीला नवख्या विद्यार्थ्याने सेवा करू नये, निरीक्षण करावे, असे पुस्तक सुचवते: कोण काम करतो, कोणाच्या नावाने करतो, पैसे कोण देतो, रात्री कोण झोपत नाही, याची नोंद ठेवावी. हे अनेक महाविद्यालयांना रुचणार नाही, कारण आषाढीची सेवा हीच त्यांची वर्षातली दिसणारी कामगिरी असते. आषाढी ते कार्तिकी हा काळ गावाचा, गर्दी नसतानाचा. त्या चार महिन्यांत विद्यार्थ्याने एका वस्तीशी किंवा एका संस्थेशी काम ठरवायचे आणि ते ठरवताना तिथल्या लोकांची संमती तोंडी नव्हे तर बैठकीत घ्यायची. कार्तिकीची सेवा त्या कामाचा भाग म्हणून करायची. माघी आणि चैत्रीला त्याच लोकांकडे परत जायचे.

मूल्यमापनाबाबत पुस्तकाची भूमिका पारंपरिक पद्धतीशी सरळ भांडते. तासांची नोंदवही ठेवायला हरकत नाही, पण गुणांचा मोठा वाटा वर्षाअखेरीच्या बैठकीला द्यावा. त्या बैठकीत विद्यार्थ्याने काय केले, काय करायचे राहिले आणि का राहिले, हे वस्तीतल्या लोकांसमोर मराठीत सांगायचे, आणि प्रश्न त्यांनी विचारायचे. अहवालाची प्रत त्यांच्याकडे ठेवायची. यात धोका आहे: स्थानिक पुढारी बैठकीचा ताबा घेऊ शकतात, बाया बोलणार नाहीत, ठेकेदाराच्या भीतीने कामगार गप्प बसतील. मंदिर परिसराच्या प्रस्तावित विकास आराखड्यावरून गावात जी तेढ आहे, तिच्यात विद्यार्थी ओढला जाण्याचीही शक्यता आहे. अशा वेळी शिक्षकाने कुठे उभे राहावे, याचे तयार उत्तर पुस्तकाकडे नाही. काय काय घडू शकते याची मांडणी आहे.

काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. वारीचा धार्मिक आणि वाङ्मयीन अभ्यास मराठीत विपुल आहे, त्याची पुनरावृत्ती इथे नाही. रुग्णालयीन आणि मनोविकार समाजकार्याला २०२१ च्या आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने वेगळी चौकट दिली आहे, तिच्यासाठी स्वतंत्र पुस्तक हवे. देशात समाजकार्याच्या संपूर्ण व्यवसायाचे नियमन करणारी परिषद अजून नसल्याने क्षेत्रकार्याची किमान अट प्रत्येक विद्यापीठ आपापली ठरवते. म्हणून इथे दिलेले नमुने जसेच्या तसे उचलण्यापेक्षा आपल्या विद्यापीठाच्या नियमांशी ताडून वापरावे लागतील. कायद्यांची आणि कार्यालयांची माहिती पुस्तकाच्या शेवटी एकत्र केली आहे, आणि शिक्षकांनी दरवर्षी वर्ग सुरू होण्याआधी ती तपासून घ्यावी.